अबोली लावायची आहे? आधी मुळांचं बघा

रोपवाटिकेतून आणलेली अबोली बहुतेकांना पहिले काही महिने खूश ठेवते. तकतकीत हिरवी पानं, त्यावर केशरी तुरे, रोज नाही तरी दिवसाआड ओंजळभर फुलं. मग एका सकाळी झाड मान टाकतं. माती ओली असते, तरी पाणी कमी पडलं असेल असं समजून आपण आणखी एक तांब्या ओततो आणि आठवड्याभरात झाड जातं. ‘अबोली आमच्याकडे लागत नाही’ असं म्हणणाऱ्या घरांत बहुधा हेच घडलेलं असतं.

अबोली लागते. तिची दुखणी मातीखाली सुरू होतात आणि आपण पानांकडे बघत बसतो, एवढाच घोटाळा. म्हणून या लेखात फुलांपेक्षा मातीबद्दल जास्त लिहिलं आहे. कुंडीत दोन-चार झाडं लावणाऱ्यांना आणि परसात एखादा वाफा करू पाहणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. एकरभर लागवडीचा हिशेब इथे मिळणार नाही.

१. आपण काय लावतोय ते ओळखा

अबोलीचं शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. मूळ दक्षिण भारत आणि श्रीलंकेचं हे झुडूप अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातलं आहे. कर्नाटकात आणि तमिळनाडूत कनकांबर म्हणून शोधलंत तर हेच झाड मिळेल. उंची साधारण ३० ते ९० सेंटिमीटर. पानं लांबट, गडद, कडेला किंचित लहरी. फुलं चौकोनी कणसातून खालून वर उमलत जातात. प्रत्येक फुलाला एक बारीक नळी आणि तिच्या टोकाला एकाच बाजूला पसरलेला पंखा. वास अजिबात नाही.

कोरांटीशी गल्लत होते, खास करून नुसतं नाव सांगून झाड मागवलं तर. पिवळ्या कोरांटीच्या पानांच्या बेचक्यात अणकुचीदार काटे असतात, अबोलीला काटे नसतात. एवढं पाहिलं तरी पुरे.

प्रकार बरेच आहेत. नेहमीची केशरी, पिवळी, आणि ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी. नाव दिल्लीचं असलं तरी तिचा खरा संसार दक्षिणेत आहे. ही दिल्ली त्रिगुणित, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे तिला बी धरत नाही आणि रोपं फांद्यांपासूनच करावी लागतात. कोणी ‘दिल्ली अबोलीचं बी’ विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने अर्का अंबरा आणि अर्का कनका असे वाणही काढले आहेत. कुंडीसाठी ठेंगणं, भरगच्च झाड हवं असेल तर ‘मोना वॉलहेड’ या नावाने मिळणारा प्रकार शोभतो, पण वेणीसाठी मला साधी केशरीच बरी वाटते. तिचं बी धरतं, कलमं धरतात, आणि एखादं झाड गेलं तरी मागे चार उभी असतात.

२. जमवाजमव

सामान फार लागत नाही:

- तळाला मोठी भोकं असलेल्या ८ ते १० इंचांच्या कुंड्या. मातीच्या असल्या तर उत्तम
- बागेची भुसभुशीत माती, जाड वाळू, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- निंबोळी पेंड. ही वगळू नका, कारण पुढे येईल
- ट्रायकोडर्मा पावडर. ही मुळांच्या रोगकारक बुरशींना आळा घालणारी उपयोगी बुरशी
- धारदार कात्री, खुरपं, बारीक तोटीची झारी
- कलमं करायची असतील तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी

रोप विकत घेताना फुलांनी लगडलेलं झाड निवडायचा मोह होतो. त्याऐवजी बुटकं, चार-पाच फुटवे आलेलं, कळ्या नुकत्या दिसू लागलेलं रोप घ्या. विक्रेत्याची हरकत नसेल तर पिशवीतून मातीचा गोळा अलगद सरकवून मुळं बघा. ती पांढुरकी आणि टवटवीत हवीत. मुळांवर गाठी दिसल्या किंवा ती तपकिरी, खरबरीत वाटली तर रोप तिथेच परत ठेवा. त्या गोळ्याबरोबर तुम्ही रोग घरी आणणार असता, आणि तो शेजारच्या कुंड्यांतही पोचतो.

३. जागा आणि माती

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी विरळ सावली ही अबोलीची आवडती जागा. माडांच्या झिरझिरीत सावलीत ती छान फुलते. पूर्ण सावलीत जगते, पण नुसती पानं वाढतात आणि फांद्या लुळ्या पडतात. एप्रिल-मेच्या कडक दुपारी उघड्या गच्चीवर पानांच्या कडा करपतात, तेव्हा हिरवी जाळी लावा किंवा कुंडी भिंतीच्या पूर्वेला सरकवा.

थंडी तिला सोसत नाही. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते, १० च्या खाली पानं काळवंडून गळतात. किनारपट्टीवर हा प्रश्नच नाही. घाटावर, विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात मात्र डिसेंबर-जानेवारीत कुंड्या भिंतीच्या आडोशाला आणाव्या लागतात, आणि त्या दिवसांत फुलं कमी आली तर खत वाढवून काही होत नाही. ऊब येईपर्यंत थांबा.

आता माती. अबोलीला निचरा हवा, आणि सामू (मातीची आम्लता, pH) साधारण ६ ते ७.५. कोकणातली जांभ्याची लाल माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणून तिथे काम सोपं होतं. तिच्यात सेंद्रिय खत मात्र भरपूर मिसळावं लागतं. काळ्या मातीत अडचण दुहेरी आहे. पावसात ती चिकट होऊन मुळं गुदमरतात, आणि तिच्यात चुनखडी जास्त असेल तर झाडाला लोह घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. असं दिसलं की नत्र कमी पडलं समजून युरिया टाकू नका. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि आठ-दहा दिवसांनी नवी पानं बघा.

कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं खत, आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. बोटाने टोचल्यावर गोळा फुटला तर ठीक, नाही फुटला तर आणखी वाळू घाला. अर्धवट कुजलेलं शेण कधीही वापरू नका. ते कुंडीत तापतं, हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची, अंडीही घेऊन येतं.

जमिनीत लावणार असाल तर सपाट वाफा नको. वीतभर उंच गादीवाफा करा, मधून पाणी वाहून जायला चर ठेवा. पावसाळ्यात अर्धा दिवस जरी पाणी तुंबलं तरी पुढचा महिना तुम्ही झाडाची सेवा करत बसाल. वेळ हाताशी असेल तर लावणीआधी, ऐन उन्हाळ्यात, वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चार ते सहा आठवडे ठेवा. कडा मातीने दाबून टाका. आतल्या वाफेने सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) आणि बुरशी बऱ्यापैकी मरतात. काळं प्लास्टिक या कामाला तितकं चालत नाही.

४. बियांपासून रोपं

पक्व बोंडं तपकिरी होतात आणि कोरड्या कणसात निवांत बसून राहतात. पाण्याचा थेंब लागला की मात्र टचकन फुटतात आणि बिया लांब उडवतात. इंग्रजीत या झाडाला फटाक्याच्या नावाने ओळखतात ते यावरून. म्हणून बी हवं असेल तर पावसाच्या सरीची किंवा दवाची वाट पाहू नका. कोरड्या दुपारी वाळलेली कणसं कापून कागदी पिशवीत ठेवा. सगळी जमली की झाकण असलेल्या भांड्यात घालून त्यांवर पाणी शिंपडा आणि झाकण लावा. थोड्या वेळात आतून टिकटिक ऐकू येते. लहान मुलं घरात असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवा, कंटाळणार नाहीत. एका बोंडात चार बिया निघतात.

निघालेल्या बिया सावलीत सुकवा आणि लवकर पेरा. जुन्या बियांची उगवण घटते. पावसाळ्याचा जोर ओसरताना पेरणी सोयीची. उथळ ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घ्या, बी जेमतेम झाकेल इतकीच माती वर टाका, झारीने हलकं पाणी द्या. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, गारठा असेल तर जास्त. इथे बरेच जण धीर सोडतात आणि ट्रे उकरून बघतात. उकरू नका. रोपांना पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की, म्हणजे पेरणीपासून दोनेक महिन्यांनी, ती हलवायला तयार होतात.

बियांची रोपं थोडीफार वेगळी निघू शकतात. एखाद्याचा रंग फिका, एखाद्याचा तुरा आखूड. हुबेहूब तेच झाड हवं तर कलम करा.

५. फांदीपासून रोपं

फार कोवळी नाही आणि लाकूड झालेलीही नाही, अशी फांदी निवडा. तिच्यावर कणीस असेल तर ते आधी काढा. ८ ते १० सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या लगेच खाली कापा, खालची पानं काढून टाका, वरच्या दोन जोड्या ठेवा. ओलसर कोकोपीट-वाळूत एक-दोन पेरं जातील इतका खोचा. वरून पारदर्शक पिशवी घाला आणि उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. दिवसातून एकदा पिशवी उघडून हवा द्या, नाहीतर बुरशी धरते. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. हलक्या हाताने ओढल्यावर विरोध जाणवला तर आली समजायचं.

आपलं आवडतं झाड धडधाकट असतानाच त्याची दोन कलमं करून ठेवा. मान टाकल्यावर घेतलेली फांदी सहसा जगत नाही, आणि जगलीच तर रोग बरोबर घेऊन येते.

६. लावणी

संध्याकाळी लावा. वाफ्यात दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. ‘दिल्ली’ जास्त पसरते, तिला ४० द्या. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल बसवा. खोडाभोवती मातीचा ढीग करायची सवय अबोलीला मारक आहे, कारण तिथे ओल साचून खोड बुंध्याशी कुजतं. खड्ड्यात ट्रायकोडर्मा मिसळलेलं खत घाला. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. थोडं जिवावर येतं, पण फुटवे वाढतात आणि प्रत्येक फुटव्याला पुढे कणीस येतं. लावणीनंतर दोन-तीन महिन्यांत फुलं सुरू होतात.

७. पाणी आणि खत

‘रोज एक मग’ असा नियम करू नका. बोटाचं एक पेर मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. उन्हाळ्यात रोज लागेल, थंडीत तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात कित्येक आठवडे अजिबात नाही. कुंडीखाली बशी असेल तर साचलेलं पाणी ओतून टाका. पाणी बुंध्याशी द्या, तुऱ्यांवर नको.

खत महिन्यातून एकदा, मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड. फुलांचा हंगाम जोरात असताना मधल्या काळात एखादं पातळ द्रवखत चालतं. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतं आणि तुरे आखूड येतात.

८. झाड मान टाकतंय, आता काय?

हा भाग नीट वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आधी वेळ बघा. भर दुपारी पानं लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात, तर ती उन्हाची झळ आहे, काही करायचं नाही. सकाळी सुद्धा लोंबलेली असतील तर माती तपासा. कोरडी असेल तर पाणी द्या, तासा-दोन तासांत फरक दिसेल.

माती ओली आणि पानं लोंबलेली, तर पाणी ताबडतोब बंद. झाड कुंडीतून काढून मुळं धुऊन बघा:

- मुळं मऊ, काळपट आणि वास येणारी: पाणी तुंबून कूज झाली. कुजलेला भाग कापा, फांद्या अर्ध्यावर आणा, कोरड्या ताज्या मिश्रणात पुन्हा लावून सावलीत ठेवा. वेळेवर पाहिलं तर झाड वाचतं.
- मुळांवर गाठी, किंवा बारीक मुळं झडून उरलेल्यांवर तपकिरी चट्टे: सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे हे जंतासारखे जीव अबोलीचे सर्वांत जुने वैरी आहेत. झाड खुरटतं, पानं लहान आणि जांभळट-पिवळी होतात, पण महिनोन्‌महिने मरतही नाही.
- खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा: फ्युजेरियम बुरशीची मर. याला उपाय नाही, झाड मुळांसकट काढून जाळा.

शेवटची दोन दुखणी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. सूत्रकृमी मुळांना जखमा करतात आणि त्या जखमांतून बुरशी आत शिरते. म्हणून नुसतं बुरशीनाशक ओतून झाडं मरायची थांबत नाहीत. निंबोळी पेंड पहिल्यापासून घालायची ती सूत्रकृमींना आळा बसावा म्हणून. वाफ्याच्या कडेने आणि मधूनमधून झेंडू लावा. त्याच्या मुळांतून येणारी द्रव्यं या कृमींना सोसत नाहीत. जिथे मर लागून झाडं गेली तिथे लगेच अबोली लावू नका. पुढचा हंगाम झेंडूला द्या. आणि आजारी कुंडीतलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या कुंडीत घालू नका.

वरच्या किडी त्यामानाने किरकोळ. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण दिसले तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. पानं धुरकट, ठिपक्याठिपक्यांची झाली तर कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, आहे. कोरड्या हवेत तो वाढतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं धुतली तरी बराच जातो. ज्या दिवशी फुलं माळायची आहेत त्याच्या आदल्या दिवशी काहीच फवारू नका.

९. तोडणी आणि वेणी

फुलं सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत काढा. एका कणसात सगळी एकदम उमलत नाहीत, खालून वर थोडी थोडी येतात, म्हणून दिवसाआड तोडणी पुरते. पंखा चिमटीत धरून ओढलात तर पाकळी फाटते. नळीला धरून सरळ वर ओढा, फूल सुटून येतं. हिरव्या कणसाला धक्का लावू नका, पुढची फुलं त्यातच आहेत.

अबोलीच्या नळीत सुई ओवणं वेळखाऊ, म्हणून ती गुंफतात. केळीच्या सोपाचा दोरा पाण्यात भिजवून घ्या, तो मऊ राहतो आणि नळी कापत नाही. साधा सुती दोराही चालतो. दोन फुलं एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, नळ्या एकमेकींवर ठेवायच्या, दोऱ्याचा वेढा आणि गाठ, मग पुढची चार. गाठ घट्ट आवळली की नळी तुटते, सैल राहिली तर फुलं गळतात. हाताला अंदाज यायला दोन-तीन वेण्या जातात. वास हवा असेल तर मधे मोगऱ्याचे कळे किंवा मरव्याची डहाळी घाला. फुलं वजनाला अगदी हलकी असल्यामुळे लांब वेणीही केसांना जड होत नाही.

मोगऱ्याच्या आधी अबोली कोमेजत नाही. ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून थंड जागी ठेवलेली वेणी दुसऱ्या दिवशीही माळण्याजोगी असते. फडकं ओलं हवं, निथळतं नको.

१०. छाटणी आणि नवं झाड

कणसाची सगळी फुलं संपली की ते खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापा. बी हवं तेवढी एक-दोन ठेवा. नुसती फुलं तोडत राहून रिकामी कणसं ठेवली तर झाड बोंडं पोसत बसतं आणि नवे तुरे लांबतात.

वर्षातून एकदा, थंडी सरल्यावर, सगळ्या फांद्या एक-तृतीयांशाने कमी करा. छाटल्यावर आठवडाभर पाणी बेताचं द्या, कारण पानं कमी झाल्यावर झाड पाणीही कमी पितं.

दोन-तीन वर्षांनी झाड लाकडासारखं होतं, खालून उघडं पडतं आणि तुरे लहान येऊ लागतात. तेव्हा ते ओढूनताणून ठेवू नका. आधीच करून ठेवलेली कलमं नव्या कुंडीत, नव्या मिश्रणात लावा. जुन्या कुंडीतली माती अबोलीसाठी पुन्हा वापरायची नाही. ती झेंडूच्या वाफ्यात पसरा आणि रिकामी कुंडी घासून, चार दिवस कडक उन्हात पालथी घालून मगच परत घ्या.